आजीचं राहिलेलं पत्र

आदरणीय मृणालताई गोरे,

हे पत्र खरं तर माझ्या आजीचं. तिला लिहिता येत नव्हतं, फक्त सही यायची. तीही तुमच्यामुळे.

गोरेगावच्या झोपडपट्टीत तिचा दिवस रात्री दोनला उजाडायचा. लांबच्या नळावर रांग, डोक्यावर हंडा, कडेवर माझी आई. वस्ती अनधिकृत, म्हणून पाणी नाही, हे उत्तर ठरलेलं. १९६१ साली तुम्ही नगरसेविका झालात आणि पाण्याचा प्रश्न धसाला लावलात. अर्जावर अंगठा नको, सही करा, असं तुमच्या कार्यकर्तीने बजावलं, तेव्हा आजीने तीन संध्याकाळी पाटीवर स्वतःचं नाव गिरवलं. त्यातला 'ल' शेवटपर्यंत उलटाच निघायचा. मोर्चात तिला पुढे केलं गेलं आणि घरात आवाज न चढवणारी ही बाई साहेबांशी घडाघडा बोलली. गोरेगावकरांनी तुम्हाला 'पाणीवाली बाई' म्हटलं, ते काही उगाच नाही.

१९७२ च्या महागाईत तुमच्या, अहिल्याताई रांगणेकरांच्या, प्रमिलाताई दंडवत्यांच्या हाकेला आजी लाटणं घेऊन मोर्चात धावली. थाळीवर बडवून बडवून त्याच्या टोकाचा टवका उडाला.

तुमचं स्वतःचं दुःख आम्हाला फार उशिरा कळलं. राष्ट्र सेवा दलासाठी डॉक्टरकीचं शिक्षण सोडलेलं, १९५८ साली तुमचे पती बंडू गोरे गेले तेव्हा वय अवघं तिशीचं, पदरात लहान मुलगी. पुढे खासदार झालात, मंत्रिपद चालून आलं, तेही नाकारलंत.

पण माझे आभार वेगळे आहेत, ताई. मी तिसरी मुलगी. दोघी बहिणींनंतर आईला पुन्हा दिवस गेले, तेव्हा सासरी एकच धोशा होता: तपासून घे. तुम्ही १९८६ साली गर्भलिंग तपासणीविरुद्ध विधानसभेत विधेयक मांडलं होतंत, आणि १९८८ साली महाराष्ट्राने देशात सगळ्यांत आधी कायदा केला. आजीला कलमं ठाऊक नव्हती. ती आईच्या सासरी गेली, उंबऱ्यातच उभी राहिली आणि म्हणाली, "आता हा गुन्हा आहे. ताईंनी कायदा आणलाय." आईला हाताला धरून ती घरी घेऊन आली.

१९८९ च्या पावसात मी जन्मले. ते लाटणं आता माझ्याकडे आहे. रोजच्या पोळ्या त्यावरच होतात, टवक्याची बाजू अंगठ्याला लागते.

तुमची,
गोरेगावची एक मुलगी