लुईझियानाच्या स्वस्त सौद्याचे हप्ते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेने १८०३ साली फ्रान्सकडून लुईझियाना हा मुख्यतः मिसिसिपी नदीच्या पश्चिमेचा विस्तीर्ण प्रदेश विकत घेतला, त्या खरेदीवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. दीड कोटी डॉलर, सव्वाआठ लाख चौरस मैल, म्हणजे एकरी जेमतेम तीन सेंट, हा हिशेब बरोबर आहे. पण ‘जमीन स्वस्तात पडली आणि धाडसी माणसे पश्चिमेकडे सरकत गेली’ हा निष्कर्ष पटत नाही. हा विस्तार धाडसाइतकाच मोजणीवर आणि उधारीवर उभा होता, आणि १८१९ ची मंदी बऱ्याच अंशी त्याच उधारीतून आली.

मोजणीची पद्धत १७८५ च्या कायद्याने घालून दिली. सहा मैल लांब, सहा मैल रुंद चौकोन म्हणजे टाउनशिप. तिचे ३६ सेक्शन, प्रत्येकी ६४० एकरांचा, आणि सोळावा शाळेसाठी राखीव. मोजणीची साखळी ६६ फुटांची, १०० कड्यांची. ८० साखळ्यांचा मैल आणि १० चौरस साखळ्यांचा बरोबर एक एकर, त्यामुळे क्षेत्रफळाचा हिशेब रानात उभ्या उभ्या करता येई. कोपऱ्यावर खांब ठोकायचा, जवळच्या झाडांची साल तासून खूण करायची, त्यांची दिशा आणि अंतर वहीत नोंदवायचे. तरी चौकोन कधीच नेमका जुळत नसे. साखळी वापरून ताणली जाई, होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून ढळलेली असे, आणि मुळात रेखावृत्ते उत्तरेकडे जवळजवळ येत जातात. म्हणून १८०० च्या कायद्याने ठरवले की जी घट-वाढ येईल ती टाउनशिपच्या उत्तर आणि पश्चिम कडेच्या सेक्शनांत टाकायची. अशी मोजणी नसलेल्या केंटकी राज्यात ओढे, झाडे, दगड यांवरून हद्दी धरल्या गेल्या होत्या आणि एकाच जमिनीवर अनेकांचे दावे लागले होते. ओहायोत मात्र न पाहिलेला तुकडाही नुसत्या आकड्यांवर विकत घेता येऊ लागला. माझ्या मते ही सोय लुईझियानाच्या किमतीपेक्षा जास्त महत्त्वाची.

विक्रीचे गणित सुरुवातीला चुकले. १७९६ साली भाव एकरी किमान २ डॉलर आणि तुकडा किमान ६४० एकरांचा, म्हणजे १,२८० डॉलर. एवढा पैसा साध्या शेतकऱ्याकडे कुठून येणार? पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या विल्यम हेन्री हॅरिसन यांच्या पुढाकाराने झालेल्या १८०० च्या कायद्याने तुकडा ३२० एकरांवर आला आणि हप्ते बांधून दिले. १८०४ मध्ये तो १६० एकर झाला. १६० एकरांचे किमान ३२० डॉलर. लिलावाच्या वेळी विसव्या भागाचा विसार १६ डॉलर, ४० दिवसांत आणखी ६४, म्हणजे पाव रक्कम भरून झाली. उरलेले ८०-८० डॉलर दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाच्या अखेरीस. हप्ता चुकला की ६ टक्के व्याज, शेवटच्या हप्त्यानंतर एक वर्षातही सगळे फिटले नाही तर जमीन सरकारकडे परत. कागदावर हे सोपे दिसते. पण जंगल तोडून वर्षाला पाच-दहा एकरच लागवडीखाली येत, तेवढ्या पिकातून ८० डॉलर रोख निघणे कठीण. मग हप्ता भरायला स्थानिक बँकेचे कर्ज घ्यायचे, आणि ती बँक नोटा छापूनच कर्ज देणार. जमीन घेणाऱ्यांकडे सरकारी जमीनखात्याची थकबाकी १८१५ साली सुमारे ३० लाख डॉलर होती, ती १८२० पर्यंत २ कोटी १० लाखांच्या आसपास गेली.

इथे लुईझियाना पुन्हा आडवा येतो. सौद्यापैकी १ कोटी साडेबारा लाख डॉलर अमेरिकेने ६ टक्क्यांच्या रोख्यांत दिले होते. नेपोलियनने ते बेअरिंग आणि होप या युरोपीय पेढ्यांना विकले. मुद्दल फेडायला सुरुवात व्हायची होती १५ वर्षांनी, म्हणजे १८१८ मध्ये, आणि तीही सोन्या-चांदीत. १८१६ साली स्थापन झालेल्या दुसऱ्या राष्ट्रीय बँकेकडे पश्चिमेतल्या स्थानिक बँकांच्या नोटांचे गठ्ठे होते, पण नाणे अपुरे होते. तिने या स्थानिक बँकांकडे नाण्यांचा तगादा लावला, त्या बँकांनी कर्जदारांकडे. त्यातच १८१९ मध्ये कापसाचा भाव कोसळला आणि साखळीतला शेवटचा माणूस, हप्त्यावर जमीन घेतलेला शेतकरी, उघडा पडला.

एक गोष्ट लेखात अजिबात नाही आणि ती राहायला नको होती. फ्रान्सकडून मिळाला तो मुख्यतः इतर युरोपीय सत्तांना दूर ठेवण्याचा हक्क. जमिनीवर राहत होते ते मूळ रहिवासी, आणि त्यांच्याकडून ती पुढे करारांनी, दडपणाने, युद्धांनी घेतली गेली. मिसिसिपीच्या पूर्वेलाही तेच झाले. फोर्ट जॅक्सनच्या १८१४ च्या तहाने क्रीक या मूळ रहिवासी जमातीची सुमारे २ कोटी ३० लाख एकर जमीन गेली. अमेरिकी सेनापती अँड्र्यू जॅक्सन यांच्या बाजूने लढलेल्या क्रीक लोकांचीही त्यात सुटका झाली नाही. याच जमिनीच्या मोठ्या भागावर अलाबामाचा कापूस उभा राहिला, आणि तो पिकवायला व्हर्जिनिया, मेरीलँडमधून गुलाम कुटुंबांची ताटातूट करून माणसे विकत आणली गेली. ‘स्वस्त जमीन’ म्हणताना हा खर्च मांडलाच पाहिजे.

एप्रिल १८२० मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, उधारी बंद केली. भाव एकरी सव्वा डॉलर, किमान ८० एकर, म्हणजे १०० डॉलर रोख. १८२१ च्या कायद्याने जुन्या देणेकऱ्यांना न फेडलेला भाग परत करून भरलेल्या रकमेइतकी जमीन राखता आली. ज्याच्याकडे १०० डॉलरही नव्हते, तो लिलाव होण्याआधीच रानात जाऊन बेकायदा घर बांधून बसे. अशा माणसाला लिलावाआधी किमान भावाने ती जमीन घेण्याचा कायमचा हक्क १८४१ साली मिळाला.

आपला,
अमेरिकी इतिहासाचा एक अभ्यासक