कर्जाचा आकडा कमी करणाऱ्या बँक मॅनेजर मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं कळलं. निरोप समारंभात चार शब्द बोलून मन भरणार नाही, म्हणून हे जाहीर पत्र. आम्ही या तालुक्यातले सिव्हिल इंजिनिअर, कोणी साइटवर, कोणी सरकारी खात्यात, कोणी स्वतःची कामं घेणारे. बारावीचा निकाल लागला की पालक आम्हाला विचारतात, कर्ज काढून पोराला सिव्हिलला घालावं का? याचं सगळ्यात सरळ उत्तर मिळालं ते तुमच्या टेबलावर.

सिव्हिलला जाणाऱ्या एका मुलाच्या कर्जासाठी त्याचे वडील तुमच्याकडे आले, त्याआधी ते दोन दारं फिरले होते. एका ॲडमिशन एजंटाने मॅनेजमेंट कोट्याची सीट दाखवली आणि 'पुढे शिष्यवृत्ती होईल' म्हणून सांगितलं. फीमाफीसाठी प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच लागतो, हे त्याला ठाऊक नसेल असं आम्ही मानत नाही. एका बँकेच्या शाखेत तर अर्ज न वाचताच जमिनीचा उतारा मागितला. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, एवढंही कोणी त्या माणसाला सांगितलं नाही.

तुमच्याकडे अर्ज आला सहा लाखांचा, वर्षाला दीड लाख. तुम्ही कागद पालथा केलात, कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने 'हातात' असं लिहून खाली रेघ ओढलीत आणि कॅल्क्युलेटर वडिलांकडे न देता मुलापुढे सरकवलात. "हप्ता तू भरणार आहेस, आकडे तूच दाब." अठरा वर्षांच्या मुलाला त्याच्याच कर्जाबद्दल कोणीतरी पहिल्यांदा विचारत होतं. बाकी सगळं विसरू, हे नाही विसरणार.

मग त्याने दाबलेले आकडे. तीन लाखांचं पॅकेज म्हणजे महिन्याला 25,000. त्यातून कंपनीचा पीएफ 1,800, स्वतःचा 1,800, ग्रॅच्युइटीचे सातशे-सव्वासातशे आणि व्यवसाय कर 200 गेला की हातात साडेवीस हजार. आता कर्ज. व्याज 10 टक्के, शिक्षणाची चार वर्षं आणि वर एक वर्ष हप्ता नाही. पण व्याज थांबत नाही. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचं, शेवटच्या दीड लाखावर दोन वर्षांचं, असं मिळून 2,10,000 होतं आणि मुद्दलात जमा होतं. परतफेड सुरू होते 8,10,000 पासून. दहा वर्षांचा हप्ता सुमारे 10,700. पगारातले उरले 9,800. पुण्यात खोली, मेस आणि साइटपर्यंतचं पेट्रोल त्यात बसवून दाखवा. मुदत पंधरा वर्षं केली तर हप्ता 8,700 वर येतो, पण एकूण भरणा पावणेतीन लाखांहून जास्त वाढतो. एजंट शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरच्या ज्या करसवलतीचं गाजर दाखवतो, ती तीन लाखांच्या पगारावर शून्य आहे. एवढ्या उत्पन्नावर मुळात करच लागत नाही.

तुम्ही सिव्हिल सोडायला सांगितलं नाहीत, कर्ज निम्मं करायला सांगितलंत. थोडं लांबचं कॉलेज, कॅपमधली सीट, शिक्षण शुल्कात सवलत, आणि वर्षाला लागणारे 75,000. तेवढीच रक्कम दरवर्षी उचलायची, कारण न उचललेल्या रकमेवर व्याज नाही. शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा आले तरी खात्यात न ठेवता थेट कर्जात भरायचे. आता हप्ता 5,350, म्हणजे पहिल्या पगाराचा साधारण चौथा हिस्सा. वडिलांना शिक्षणाच्या काळात आणि पुढच्या बिनहप्त्याच्या वर्षातही व्याज भरणं जमलं, पहिल्या वर्षी महिना 625, चौथ्या वर्षापासून 2,500, तर मुद्दल तीन लाखांवरच राहतं आणि हप्ता 3,965 वर येतो. ज्यांच्या शाखेला कर्जवाटपाचं टार्गेट असतं, त्या अधिकाऱ्याने समोरच्याचं कर्ज स्वतःहून कमी करावं, ही साधी गोष्ट नाही. खुर्चीवरचा माणूस सज्जन असला की नियम तेच राहतात आणि लोकांचं भलं होतं. अशी माणसं प्रत्येक खात्यात आहेत, फक्त त्यांची नावं कोणी घेत नाही.

त्या दिवशी तुम्ही आम्हालाही विचारलंत की सिव्हिलचा पगार पुढे वाढतो कसा. तेव्हा घाईत सांगितलं होतं, आज नीट लिहितो. पहिली दोन-तीन वर्षं वाढ थोडीच असते. नुसतं काँक्रीटवर उभं राहणाऱ्याचा पगार तिथेच रेंगाळतो. ड्रॉइंगवरून क्वांटिटी काढणं, बार बेंडिंग शेड्यूल (सळ्या कापण्या-वाकवण्याचा तक्ता) आणि बिलिंग हातात आलं की तोच मुलगा कंपनी बदलताना चांगली उडी मारतो. सरकारी कनिष्ठ अभियंत्याचं मूळ वेतन राज्यात 38,600 पासून सुरू होतं खरं, पण भरती दरवर्षी निघत नाही, म्हणून त्या आशेवर हप्ता ठरवू नये. शिवाय त्या पदाला डिप्लोमा चालतो. ज्याला फक्त तेच हवं आहे, त्याने चार वर्षांचं कर्ज काढूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तुमच्या त्या पेन्सिलीच्या कागदाच्या झेरॉक्स आता आम्ही पालकांना देतो. त्यात एक ओळ आम्ही वाढवली आहे. ठेकेदाराचं आरए बिल, म्हणजे चालू कामाचं टप्प्याटप्प्याने निघणारं बिल, अडकलं की साइटवरचा पगार दोन-दोन महिने लांबतो, हप्त्याची तारीख मात्र लांबत नाही. हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज होतं आणि मुलाबरोबर सहकर्जदार बापाचाही सिबिल (कर्जफेडीचा गुणांक) बिघडतो. म्हणून पहिल्या पगारापासून तीन हप्त्यांची रक्कम वेगळी ठेवावी. ही ओळ तुम्हाला पटते का, ते नव्या शाखेतून नक्की कळवा.

मनापासून आभार, मॅडम.

तुमचे,
तालुक्यातले सिव्हिल इंजिनिअर