'स्किल' म्हणजे कौशल्यच असे नाही

महोदय,
जुन्या इंग्रजी नाटकांचे आणि कवितांचे मराठी अनुवाद वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून येत असतात, यावेत. पण त्यांत एक जागा हमखास निसटते. 'त्याचे काही नाही', 'त्याने काय होणार' हे सांगायला चारशे वर्षांपूर्वीचे इंग्रजी जे शब्द वापरी, ते आजही रोजच्या वापरात आहेत; फक्त त्यांचा अर्थ बदलला आहे. शब्द ओळखीचा दिसला की कोश उघडला जात नाही, आणि तिथेच चूक होते.

शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'चा पाचवा अंक घ्या. वेडा ठरवलेल्या माल्व्होलिओचे पत्र विदूषकाने सकाळीच पोचवायला हवे होते, ते त्याने आणलेच उशिरा. वर त्याची सबब अशी: वेड्याची पत्रे म्हणजे काही शुभवर्तमान नव्हे, तेव्हा ती कधी पोचली याने फारसा फरक पडत नाही. या शेवटच्या शब्दांसाठी मुळात आहे 'इट स्किल्स नॉट मच'. इथे 'स्किल' हे क्रियापद आहे आणि कौशल्याशी त्याचा काही संबंध नाही. हा शब्द जुन्या नॉर्स या स्कॅन्डिनेव्हियातल्या भाषेतून इंग्रजीत आला. तिथे त्याचा अर्थ भेद, वेगळे करणे. भेद ओळखता येणे यातून पुढे 'जाण' आणि मग 'कौशल्य' निघाले; भेद पडणे यातून 'इट स्किल्स नॉट'. म्हणजे शब्दाला शब्द ठेवला तरी 'फरक पडत नाही'. इतका नेमका जोड क्वचित मिळतो. 'टेमिंग ऑफ द श्रू' या नाटकातही (वा. बा. केळकरांची 'त्राटिका' त्यावरूनच आली) हाच प्रयोग आहे.

'बूट'चे तसेच. पायातला बूट फ्रेंचमधून आला. हा दुसरा 'बूट' जुन्या इंग्रजीतला, अर्थ लाभ किंवा उपाय. मिल्टनने १६३७ मध्ये लिहिलेल्या 'लिसिडस' या कवितेत 'व्हॉट बूट्स इट' येते, ते 'काय उपयोग?' या अर्थी. 'दुसरा रिचर्ड' नाटकात राजा हद्दपारीची शिक्षा सुनावून मोब्रे या सरदाराला म्हणतो, 'इट बूट्स दी नॉट टु बी कंपॅशनेट.' या एका ओळीत दोन खड्डे आहेत. 'कंपॅशनेट' इथे दयाळू नव्हे, दया भाकणारा. 'आता गयावया करून उपयोग नाही' हा अर्थ. 'दयाळू होऊन फरक पडत नाही' असे केले तर शिक्षा झालेलाच माणूस दया दाखवतोय असे वाटेल. 'फरक नाही' आणि 'उपयोग नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मराठीत दोन्ही वेगळ्या सांगता येतात.

सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती 'हॅम्लेट'मधल्या एका ओळीची. द्वंद्वाआधी हॅम्लेट आपल्या मित्राला, होरेशिओला, सांगतो की माझ्या काळजात काय कालवाकालव चालली आहे याची तुला कल्पना नाही, आणि लगेच म्हणतो, 'बट इट इज नो मॅटर.' इथे 'पण त्याने फरक पडत नाही' म्हणजे कचेरीतला शेरा. फरक पडतोच आहे. त्याला फक्त विषय मिटवायचा आहे. मराठी माणूस अशा वेळी एवढेच म्हणतो: 'पण असो.'

'ऑथेल्लो'त इयागो म्हणतो, 'व्हर्च्यू! अ फिग!' फिग म्हणजे अंजीर हे खरे, पण पहिल्या दोन बोटांमधून अंगठा बाहेर काढून दाखवायच्या अश्लील खुणेलाही 'फिग' म्हणत. तेव्हा फळ सोडून द्यावे आणि तुच्छता तेवढी ठेवावी: 'सद्गुण? डोंबलाचे सद्गुण!' शेक्सपिअरच्याही आधीचा इंग्रज कवी चॉसर, त्याचा मठवासी तर एका वचनाची किंमत कालवाइतकीही धरत नाही, कारण कालव तेव्हा स्वस्त होते. आज तो शब्द तसाच ठेवला तर वाचकापुढे महागडी थाळी येते. तिथे 'कवडीची किंमत' हवी.

बाकीचे थोडक्यात. 'रेक' म्हणजे पर्वा. 'रेकलेस' त्यातूनच आला. चॉसरचे 'नो फोर्स' म्हणजे 'हरकत नाही', बळाचा तिथे संबंध नाही. जेन ऑस्टिनच्या काळचे 'इट डझ नॉट सिग्निफाय' म्हणजे 'त्याचे एवढे काही नाही'. मॅक्बेथच्या प्रसिद्ध ओळीतले 'सिग्निफाइंग नथिंग' मात्र खरोखरच 'अर्थशून्य'. या दोहोंची गल्लत नको.

ओळखायची खूण सोपी आहे. कर्ता 'इट' किंवा 'व्हॉट', क्रियापदाला 'डू'चा टेकू नसताना पुढे नुसता 'नॉट', आणि त्यापुढे 'हू', 'व्हेन', 'व्हेदर'ने सुरू होणारे वाक्य, असे दिसले की थांबावे. मग ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात तो शब्द क्रियापद म्हणून शोधावा. तिथे प्रत्येक अर्थाखाली सालासह उतारे आहेत. खिशातल्या कोशात हे अर्थ बहुधा मिळत नाहीत. मराठी बाजूला मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती उघडावी. तमा, क्षिती, गुमान हे शब्द बाजूला पडलेत, पण अशा जागी चपखल बसतात.

आपल्याला एक विनंती. असे उतारे छापताना निदान अशा ओळींचे मूळ शब्द देवनागरीत खाली द्यावेत. दोन ओळींची जागा जाईल, पण वाचकाला ताडून पाहता येईल.

– एक अनुवादक, सातारा