रोपे लावण्याआधी झाडांचे नाते तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथे ग्रामस्थांनी देवाच्या नावाने राखलेल्या राईत मिरिस्टिका मॅग्निफिका या रानटी जायफळाची दलदल टिकून आहे. २०२१ मध्ये तिच्या २.५९ हेक्टर क्षेत्राला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. यापुढचे संवर्धन मात्र झाडांची मोजदाद, कुंपण आणि रोपलागवड एवढ्यावर थांबू नये, या विनंतीसाठी हे पत्र.

या जातीत नर आणि मादी झाडे वेगळी असतात. त्यामुळे राईत किती झाडे उभी आहेत, यावरून पुढची पिढी किती जणांच्या पोटची आहे हे कळत नाही. एखाददुसऱ्या नराचाच पराग सर्वत्र जात असेल, तर भरपूर रुजवा होऊनही ती सारी सावत्र भावंडेच असू शकतात. हे उलगडण्याचे साधन म्हणजे जनुकीय मार्कर. डीएनएमध्ये काही अक्षरांचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा येणाऱ्या जागा असतात, त्यांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. ही पुनरावृत्ती झाडागणिक बदलते, आणि एक प्रत आईकडून व एक बापाकडून येत असल्याने ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलमध्ये वाळवलेल्या पानाच्या तुकड्यावरूनही रोपाचे आईबाप शोधता येतात. झाडावर कुऱ्हाड लावावी लागत नाही, ही देवराईत फार मोलाची गोष्ट आहे.

जुनी झाडे आणि रोपे यांची तपासणी वेगवेगळी व्हावी, असा माझा आग्रह आहे. जंगल सलग होते आणि धनेश पक्षी बिया दूर नेत होते, त्या काळातील विविधता जुन्या वृक्षांत अजून शिल्लक असू शकते. तेवढीच पाहून निर्धास्त झालो, तर रोपांत सुरू झालेली घसरण नजरेतून सुटेल.

या जायफळाचे बी वाळले की मरते, त्यामुळे ते बियाणे पेढीत वर्षानुवर्षे साठवता येत नाही. जिवंत झाड हाच साठा. म्हणूनच एकाच मादीखालच्या बियांपासून रोपवाटिका भरू नये, आणि कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातील दलदलींतून याच जातीची रोपे आणायची झाल्यास दोन्हीकडील झाडांची जनुकीय तुलना आधी व्हावी.

राज्य जैवविविधता मंडळ आणि वन विभाग यांनी ग्रामस्थांच्या संमतीने, एखाद्या विद्यापीठाच्या साहाय्याने, पुढील लागवडीपूर्वी हे काम हाती घ्यावे.

आपला,
एक निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षक, सावंतवाडी