जिम्नी उचलण्याआधी

प्रिय समीर,

सप्रेम नमस्कार. तुझ्या मारुती जिम्नीसाठी तीन इंचांच्या लिफ्ट किटचं (गाडीची उंची वाढवणाऱ्या लांब स्प्रिंगा वगैरेंच्या संचाचं) कोटेशन तू पाठवलंस ते पाहिलं. मनापासून सांगतो, एवढी उचलू नकोस. तुझी गाडी मुख्यतः सातारा हायवेला आणि आंबेनळी घाटात चालते. कच्चा रस्ता लागतो तो एखाद्या सुट्टीला.

आधी एक बघ. जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे सलग ॲक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकच ताठ दांडा) आहेत. स्प्रिंग कितीही लांब लावलीस तरी ॲक्सल चाकांच्याच उंचीवर राहणार, म्हणजे आज त्याच्यावरचा डिफरन्शिअलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा दगडाला घासतो, तो उद्याही घासेल. तो वर येतो फक्त मोठ्या टायरने, तेही व्यास जेवढा वाढेल त्याच्या निम्म्याने. लिफ्टने वर जाते ती बॉडी आणि चॅसी (खालचा सांगाडा). पाच दारांच्या जिम्नीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २५९० मिमी असल्याने तिचं पोट टेकतं, तिथे थोड्या उंचीचा खरंच उपयोग होतो, हे मी नाकारत नाही.

आता डांबरावर काय होतं ते. ओळखीच्या एकाची लिफ्ट केलेली जिम्नी मी चालवली. चौकात वळण घेतलं, स्टिअरिंग सैल सोडलं, तर ते तिथंच राहिलं! हाताने ओढून सरळ करावं लागलं. हायवेला तर सरळ रस्त्यावर सतत डावी-उजवीकडे सावरत बसायचं. कारण कॅस्टर. पुढचा ॲक्सल दोन रेडियस आर्मनी (लांब दांड्यांनी) चॅसीला धरलेला असतो. गाडी वर गेली की ते आर्म खाली कलतात, त्यांच्याबरोबर ॲक्सलही फिरतो आणि चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागचा कल कमी होतो. स्टिअरिंगला आपोआप सरळ करणारा तोच कल, म्हणजे कॅस्टर.

खाली वाकून पाहिलं तर एका बाजूचं चाक दुसऱ्यापेक्षा बोटभर जास्त बाहेर आलेलं. ॲक्सलला बाजूला सरकू न देणाऱ्या पॅनहार्ड रॉडची लांबी तीच, पण तो आता जास्त तिरपा झालाय, म्हणून ॲक्सल बाजूला ओढला गेला. शिवाय ड्रॅग लिंक (स्टिअरिंगकडून चाकांकडे जाणारा दांडा) आणि पॅनहार्ड रॉड समांतर राहिले नाहीत की प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग हातात स्वतःहून हलतं. रिकाम्या रस्त्यावर ते चालून जाईल. घाटात समोरून एसटी येत असताना नाही.

आणि वजन. गुरुत्वमध्य ७० सेंमीवर धर आणि तो ५ सेंमीने वर ने. त्याच वळणावर त्याच वेगाने बाहेरच्या चाकांवर सरकणारा भार सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. जिम्नीची चाकं मुळातच जवळजवळ आहेत, म्हणून हे तिला महिंद्रा थारपेक्षा जास्त भोवतं. ईएसपीचं (गाडी घसरू लागली की आपोआप ब्रेक लावून सावरणाऱ्या यंत्रणेचं) गणितही कंपनीने मूळ उंचीवर बसवलेलं आहे. स्प्रिंगा ताठर आणि शॉकॲब्सॉर्बर जुनेच, असं केलंस तर प्रत्येक खड्ड्यानंतर गाडी झुलत राहील. मागच्या सीटवर काकू बसतात, त्यांच्या कमरेचा विचार कर. चढताना गुडघ्यांनाही त्रास होईल.

२३५/७५ आर १५ टायरचाही आग्रह धरू नकोस. मूळ १९५/८० आर १५ चा व्यास ६९३ मिमी, याचा सुमारे ७३३. स्पीडोमीटरचा काटा ८० वर असताना गाडी आजच्यापेक्षा ४-५ किमी जास्त वेगाने पळत असेल. पिकअप पडेल, ब्रेकवर जोर येईल.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल सहसा करता येत नाहीत, आणि अपघातात विमा कंपनी हात वर करू शकते. तेव्हा आधी आरटीओत लेखी विचारून घे, मगच पैसे दे.

परवानगी मिळालीच तर ४० मिमीच्या पुढे जाऊ नकोस. स्प्रिंगांना जुळणारे शॉकॲब्सॉर्बर, कॅस्टर सुधारणारे बुश (आर्मच्या टोकांत बसणारे) आणि लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड हे सगळं एकदमच बसव. ब्रेकचे होज (लवचिक नळ्या) पूर्ण खाली लोंबणाऱ्या चाकापर्यंत पुरतात का ते गाडी जॅकवर चढवून स्वतः बघ. अलाइनमेंटच्या आधीचे आणि नंतरचे आकडे कागदावर घे. कॅस्टरचा आकडा नसेल तर तो कागद परत दे. हेडलाइटही खाली करून घे, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतील.

माझं ऐकशील तर यंदा फक्त चांगले ऑल-टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे) टायर घाल, मूळ मापातच. ते घालून आंबेनळीतून पोलादपूरला उतरून ये आणि गाडी कुठे टेकली ते मला कळव. पोट टेकलं असेल तर लिफ्टचं बघू.

काकूंना नमस्कार.

तुझा,
अभय