घरी सोडल्यावर पुढे काय?

महोदय,
कल्याण स्थानकाच्या पुलाखाली परवा तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा दिसला. पायाची जखम चिघळलेली, नाकाशी पंक्चरच्या सोल्युशनचा रुमाल. १०९८ या मुलांसाठीच्या मदतवाहिनीवर फोन केला, माणसे आली. कायद्याने अशा मुलाला २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यावे लागते. पण पुढे? बापाच्या पट्ट्याला भिऊन पळालेले पोर त्याच घरात नुसते सोडले, तर ते पुन्हा गाडी पकडणारच. मग पुन्हा नशा, उपासमार, लैंगिक अत्याचाराची भीती. निदान सहा महिने समुपदेशकाने त्या घरी जायला हवे, आईबापांशी बोलायला हवे. बापाशी तर आधी. व्यसनावरचे उपचारही घरच्यांना सोबत घेऊनच व्हावेत. त्यासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षांना पुरेशी माणसे द्या.
— एक वाचक, कल्याण