मैदानाच्या रेषेबाहेर उभं राहताना

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

चिमूची शाळेच्या फुटबॉल संघात निवड झाली, फार आनंद झाला. पहिल्या सामन्याला तू रजा टाकून जाणार आहेस, हेही बरं केलंस. फोनवर सगळं नीट बोलता येत नाही, म्हणून लिहिते. मुलांना खेळ शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. शिट्टी हातात घेऊन मी जितके खेळाडू पाहिले, तितकेच रेषेबाहेरचे पालकही पाहिले.

माझं मुख्य मागणं एकच आहे. चेंडू चिमूच्या पायाशी असेल तेव्हा तू गप्प राहा.

चेंडू आला की मुलीच्या हाती जेमतेम एक-दोन क्षण असतात. कोण मोकळी आहे, समोरची कुठून येतेय, पास द्यायचा की स्वतः पुढे न्यायचा, हे तिनेच बघायचं आणि तिनेच ठरवायचं. खेळ शिकला जातो तो त्या क्षणात. नेमकं तेव्हाच बाहेरून कुणीतरी ओरडतं, "मार, मार!" दुसऱ्या बाजूने आवाज येतो, "पास दे!" सरांनी तर तिसरंच सांगितलेलं असतं. मग ती मान वर करते, पण सोबतिणींकडे बघत नाही, रेषेवरच्या बाबांकडे बघते. तेवढ्यात चेंडू जातो. आणि ज्यांनी तिची नजर ओढून घेतली, तेच म्हणतात, "लक्ष कुठे आहे तुझं?" हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आजही आठवलं तरी जीव तुटतो.

1999 मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मुलींच्या एका फुटबॉल लीगने पालकांना एक दिवस चक्क तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. पुढे ही कल्पना इतरही ठिकाणी उचलली गेली. मला स्वतःला कायमची शांतता नको वाटते, मुलांना टाळ्या आवडतातच. तेव्हा टाळ्या भरपूर वाजव, पण खेळी झाल्यावर. गोलालाच नव्हे, चेंडू गेल्यावर जीव तोडून मागे धावणाऱ्या मुलीलाही "शाब्बास" म्हण. समोरच्या संघाने सुंदर गोल केला तर त्यालाही टाळी दे. "त्या सात नंबरला अडव" असं मात्र कधी ओरडू नकोस. ती सात नंबरही कुणाची तरी लेक आहे आणि तिला ते ऐकू जातं.

उभा राहशील तो रेषेपासून चार पावलं मागे. गोलपोस्टच्या मागे तर नकोच. तिथला प्रत्येक शब्द, प्रत्येक उसासा गोलकीपरच्या कानावर पडतो, आणि गोल खाल्ल्यावर सगळ्यात एकटी तीच असते.

आता रेफ्रीबद्दल. शालेय सामन्यांत शिट्टी पुष्कळदा एखाद्या तरुण मुलाच्या हातात असते. इंग्लंडमध्ये तर 14 वर्षांची मुलंही रेफ्री होतात. तो चुकेल, चुकतोच. पण बाहेरून ओरडणाऱ्यांनाही नियम कुठे धड माहीत असतात? थ्रो-इनवरून, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू हाताने आत फेकतात त्यावरून, थेट मिळालेल्या चेंडूवर ऑफसाइड (समोरच्या बचावफळीच्याही पुढे उभं राहून चेंडू घेण्याची चूक) नसतो, तरी त्यावरून मोठमोठ्या माणसांनी एका पोराला रडवेलं केलेलं मी पाहिलंय. खेळात काय घडलं याबद्दल रेफ्रीचा निर्णय अंतिम, असं नियमच सांगतो. म्हणजे आरडाओरड्याने निकाल बदलत नाही. चिमू मात्र शिकते की हरलो तर दोष दुसऱ्याचा. सामना संपल्यावर तिच्यासोबत जाऊन रेफ्रीचे आभार मान. शेजारचा एखादा पालक तापला तर त्याच्याशी वाद घालू नकोस, हळूच दुसरा विषय काढ. तो शिवीगाळीवर आला, तर सरांना किंवा आयोजकांना सांग.

आणि परतीची वाट. खरी परीक्षा तिथे असते. "तो पास का नाही दिलास?" हा प्रश्न दमलेल्या, हरलेल्या पोरीला गाडीत बसल्याबसल्या विचारायचा नसतो. चुका तिला तुझ्याआधी कळलेल्या असतात. "तुझा खेळ बघायला मजा आली" एवढं म्हण आणि थांब. ती बोलली तर ऐक, खिडकीबाहेर बघत बसली तर बसू दे. सुधारणा सांगायला सर आहेत, सरावाचे दिवस आहेत.

नॉर्वेमध्ये लहान मुलांच्या स्पर्धांत, मूल 11 वर्षांचं होण्याआधी, गुणतक्ते आणि क्रमवारी लावतच नाहीत. मला हे फार पटतं. त्या वयात मुलाला खेळाची गोडी लागली पाहिजे, आकडे पुढे आहेतच. म्हणून मला फोन करशील तेव्हा किती गोल झाले ते नंतर सांग. आधी सांग, पोरगी धावली का, हसली का, तिला पुन्हा जायचंय का.

सामन्याची वेळ पक्की झाली की कळव. गुडघे बरे असले तर मीही येते, तुझ्याशेजारी उभी राहीन.

तुझी,
आई